तांदळावर ठेवलेलं काम

अहेरीहून चांद्याला जाणाऱ्या बसमध्ये एक मुलगी माझ्या शेजारी होती. कलकत्त्याला गणितयंत्र शिकायला निघाली होती. मला ते थोतांडच वाटलं. तिनं बोटानं मांडीवर तीन चौकोन काढले: हा आकडे लक्षात ठेवतो, हा बेरीज करतो, हा दोघांकडून काम करून घेतो.

"आणि त्याला हुकूम कोण देतं?"

"हुकूम आकड्यांसंगच यंत्राच्या पोटात ठेवतेत, बाई. माह्या मायसारखं. ते पहाटेच मोहफुलं वेचाले जाते, अन् माह्यं काम तांदळावर ठेवते. तांदळाच्या मडक्यात कोळसा दिसला का चूल पेटवाची, मिरची दिसली का चटणी वाटाची. दाणे अन् काम एकाच मडक्यात."

"इतक्या दूर जायला आई हो म्हणाली?"

तिनं पायाजवळचं गाठोडं मांडीवर घेतलं.

"आज मायनं तांदळावर काईच ठेवलं नव्हतं. म्हून निघाली."