अर्जावरची पहिली सही

वहिनींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून मी सही केली, आणि माझं नाव त्या प्रभागाच्या मतदार यादीतच नव्हतं.

सूचक त्याच प्रभागाचा मतदार लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चार जणांना मीच ते समजावून सांगितलं होतं! पण वीस वर्षं मी आमच्या नगरसेवकांच्या मागे घोषणा देत फिरलो. ते गेले, पोटनिवडणूक लागली, त्यांच्या जागी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, उभ्या राहिल्या. तेव्हा पहिली सही माझीच, असं मी छाती काढून जाहीर केलं. धामणकर नाक्यापलीकडे फ्लॅट घेतल्यावर यादीतलं नाव मीच हौसेने तिकडच्या प्रभागात हलवलं होतं, एवढं डोक्यातून गेलं.

दुपारचे अडीच. तीनला अर्ज बंद. मिरवणुकीत ताशा कडकडत होता, रिक्षा अडकल्या होत्या, माझा घसा बसला होता आणि मजा तर अशी येत होती की विचारू नका. कचेरीच्या फाटकाशी वहिनींनी पिशवीतून यादी काढली. दर निवडणुकीत मतदारांच्या चिठ्ठ्या त्याच लिहायच्या. आम्हाला मात्र त्या फक्त चहा देणाऱ्या म्हणून ठाऊक.

"भाऊजी, तुमचा नाव कुठं हाय?"

"असेल की! नीट बघा."

"न्हाय तुमी यादीत."

समोर एकच उमेदवार. आमचा अर्ज बाद, की तो बिनविरोध नगरसेवक! मी फाटकाकडे वळलो. म्हटलं, "आत माझी ओळख आहे, बोलून बघतो."

"तुमची वलख ऱ्हाऊ द्या."

त्यांनी दुसरा भरलेला अर्ज काढला. सूचकाची जागा तेवढी कोरी. मग घोळक्याकडे वळून ओरडल्या, "मावशे! सहाशे बारा नंबर! इकडं ये!"

लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी मावशी पुढे आली, केसांत अजून कापसाचे तंतू. यादीत सहाशे बारावर खरंच तिचंच नाव! माझ्या पाठीवर कागद ठेवून तिने सही केली. तेवढा उपयोग झाला माझा.

तीनला सात मिनिटं असताना वहिनी आत गेल्या आणि पोचपावती उंच धरून बाहेर आल्या. ताशा पुन्हा सुटला. फाटक्या आवाजात मी घोषणा ठोकली, "वहिनी तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!"

मावशीने मला कोपराने ढकललं. "तू कसला साथ? तुझा मत तर नाक्यापलीकडं! सर बाजूला, फोटोत मला येऊ दे."