टीव्हीवरची संकष्टी

आमच्या इवायावानी वाट चुकनारं मानूस सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत हुडकून सापडायचं न्हाई, आन सापडलंच तर ठरल्या जागी सापडायचं न्हाई. इवाई म्हंजे माज्या लेकीचं सासरं. विट्याकडचं. चाळीस वर्सं लांब कोईमतुराला गलाईचं दुकान चालवलं, लोकांचं सोनं वितळवून चोख करून दिलं, आन हातपाय थकल्याव कुपवाडला ल्येकाकडं येऊन बसलं. मी बी त्याच घरात. लेकीच्या दारात राहनं आमच्यात कमीपनाचं, पर मालक लवकर गेलं, ल्योक न्हाई, गावाकडचं घर पडलं. पडलं तर पडलं. लेक-जावई दोगंबी सकाळी गाडीव बसून कारखान्यात जात्यात ते सांजंला येत्यात. दिवसभर घरात दोन म्हातारी मानसं, एक खाटंवर टीव्हीम्होरं, एक दाराशी सूप घिऊन. इवाई-ईन म्हनल्याव बोलनं बी बेतानंच. माज्या डोक्यावरचा पदर ढळत न्हाई, आन ते ईनबाई म्हनल्याबिगर मला हाक मारत न्हाईत.

नात पुन्याला नोकरीला गेली तवा तिचं खेळाचं मशीन टीव्हीखाली तसंच ऱ्हायलं. इवायांनी एक दिस ते हातात घेतलं ते आजून खाली ठेवल्यालं न्हाई. त्या खेळात एक घोडेस्वार डोंगरदऱ्यांतनं हिंडतोय. मोठा मुलूख हाय, नद्या हायत, रान हाय, वाड्या-वस्त्या हायत. टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यात वाटीयेवढा गोल नकाशा आसतोय, कुठं जायचं, कुठनं वळायचं, समदं त्यात ठिपक्यानं दावत्यात. पोरं त्या ठिपक्याकडं बघत पळत्यात. इवायांनी पयल्यांदा तसंच केलं. पर मग नकाशाशी त्यांचं वाकडं पडलं, आन ते पडलं खंडाळ्यापासनं.

त्यांच्या भाचीच्या पोरीचं लगीन हुतं खंडाळ्याला. आपल्या साताऱ्याच्या खंडाळ्याला. जावयानं फोनमदी खंडाळा घातलं आन फोनमदली बाई वाट सांगाय लागली. साताऱ्याच्या फुडं बोगदा वलांडला तसं मागनं इवाई म्हनलं, "आलं बग खंडाळा. घे गाडी आत."

जावई म्हनला, "आबा, आजून शंभराच्या वर किलोमीटर दावतंय."

"आरं, समोर पाटी हाय!"

"गप बसा वो आबा. मशीन चुकत न्हाई."

बाई म्हनली सरळ जा, आमी सरळ गेलो. पुनं गेलं. घाट आला. धुकं आलं. गाडी थांबली तितं समदी पोरंपोरी टोप्या घालून कणसं खात हुती, चिक्कीची दुकानं ओळीनं. खंडाळाच त्ये, पर दुसरं. इवायांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीव ठेवला आन म्हनलं, "आता त्या बाईलाच इचार, नवरी कुठाय." माघारी आलो तवर नवरी सासरी गेल्याली. मांडव सोडत हुते. हुबं राहून गार बुंदी खाल्ली आन घरी आलो.

दुसऱ्या दिशी इवायांनी कालनिर्णयाचं जुनं पान घेतलं, त्येच्याव वाटी पालथी घालून गोल कापला, आन भाताच्या शितानं टीव्हीच्या त्या कोपऱ्याव चिकटवला. नेमका संकष्टीचा चौकोन त्यात आल्याला. तवापासनं आमच्या टीव्हीला बारा म्हैनं संकष्टी. मालिकंतली सासू त्या कोपऱ्यात हुबी ऱ्हायली की तिच्या पोटाव चंद्रोदयाची येळ. लेक चिडली, पर सासऱ्याला बोलनार कोन? नात फोनव म्हनली, "आबा, नकाशा बंद करायचं बटन आहे की!"

इवाई म्हनलं, "बटनानं बंद केल्याला पुन्ना चालू हुतोय. कागद त्यो कागद."

मग त्यांचं हिंडनं सुरू झालं. ज्या गावाला पोरं अर्ध्या तासात पोचत्यात तितं आमच्या इवायास्नी आठ दिस लागायचं. वाटंत कुनी भेटलं की ह्येंचं सुरू, "रामराम पावनं, वढा कुन्या अंगाला?" त्यो पावना इंग्रजीत कायतरी म्हनायचा आन चालू पडायचा. "गडी तुसडा हाय," म्हनायचं. बाहेरचं वागनं बी तसंच. एकदा पार्सलवाल्या पोराचा फोन आला, पत्ता सांगा म्हनून. ह्येंनी सांगितलं, "आदी पिठाची गिरण हुती न्हवं, तितनं वळ. मग बाभळ हुती तितं डावीकडं." गिरण जाऊन धा वर्सं झाली, बाभळ त्येच्या आदी. पोरगं आख्खी वसाहत पालथी घालून घामाघूम दारात आलं. इवायांनी त्येला च्या पाजला आन म्हनलं, "आता जल्मात इसरायचा न्हाईस तू हे घर."

मी हसत हुते, पर मनात म्हनत हुते, ह्ये मला नवं न्हाई. मी जतकडची. साळंचं तोंड बघितलं न्हाई. मालक गेल्याव ल्योक-बिक कोन न्हवतं, एवढी एक लेक कडंवर घिऊन ऊसतोडीला गेले. तितं पाचटाच्या समद्या कोप्या सारख्या, पाटी आसली तरी मला कुठं वाचाय येती! मग लुगड्याची चिंधी फाडून कोपीच्या दाराला बांधायची. झाड बघायचं, वढा बघायचा, दिस कुठं हाय बघायचं. ध्यानात ऱ्हायलं तर घर, न्हाई तर रान.

मग इवायांची घोडी हारपली. खेळातली. एका पडक्या पुलाशी ती बांधून ते पायी कडा उतराय गेलं, पाय घसरून नदीत पडलं, नदीनं लांब कुठंतरी नेऊन काढलं. झालं! चार म्हैनं घोडी हुडकत हुते. नात रोज सांगायची, "आबा, कागद उचला, नकाशात घोड्याचं चित्र आहे, सरळ सापडेल." जावई म्हनायचा, "दुसरी घोडी घ्या की, तितं बाजारात मिळत्यात." त्येच्याशी इवाई दोन दिस बोललं न्हाईत.

आन त्याच दिवसांत त्यांच्या डोळ्याचं निघालं. काचबिंदू. कडंचं समदं गेल्यालं, नळीतनं बघितल्यावानी मदलं तेवढं ऱ्हायल्यालं. मिरजेचा डागदर म्हनला, गेल्याली नजर येत न्हाई, ऱ्हायल्याली राखाय आपरेशन करू, पर टिकंल का न्हाई सांगता यायचं न्हाई. सोमवार ठरला. तवा माज्या ध्यानात आलं, त्या कोपऱ्याव कागद नसता तरी त्यास्नी त्यो नकाशा दिसला नसता.  

शनवारी दुपारी मी लसूण सोलत हुते. ते टीव्हीम्होरं नुसतंच बसल्यालं. म्हनलं, "ईनबाई, सोमवारच्या आदी घोडी घावली पायजे. मुकं जनावर. मी बांधलीय, तितंच हुबी आसनार."

माजी एक गाय हुती. दुष्काळात चारा संपला तवा तिचं दावं सोडलं, कपाळाला हळद-कुक्कू लावलं, म्हनलं जा बाई, जितं पानी आसंल तितं जा. आठ दिसांनी शेजारच्या गावात चाऱ्याची छावनी उघडली. मी लय हुडकली. न्हाई घावली. ही गोष्ट मी कुनाला सांगत न्हाई, त्यास्नी बी सांगितली न्हाई. लसणाचं सूप बाजूला सारलं आन पयल्यांदा खाटंपाशी जाऊन बसले.

म्हनलं, "तुमी घोडी सोडली त्या दिशी मी तांदूळ निवडत हुते. पुलामागं तीन ढवळी दगडं हुती. मदल्याव कावळा."

"कावळा उडाला आसंल की वो."

"दगडं न्हाई उडत. नदीच्या वरल्या अंगाला चला. पान्याच्या उलटं."

मग मी सांगायचं, त्यांनी बोटं चालवायची. उगवतीला वळा. आता चढ. त्यो वाळल्याला वड सोडून खालनं या. दोनदा लांडग्यांनी खाल्लं, एकदा मीच चुकीचं सांगून दरीत घातलं. "ईनबाई, मारता का काय मला!" म्हनलं, "इवाईपनाचा मान ऱ्हाऊ द्या, चढा वर." आयतवारी सांजंला, लेक-जावई बाजारातनं येऊन दारात चपला काढत आसताना, ढवळी दगडं दिसली. आन पूल. आन घोडी. मान खाली घालून हुबी.

इवायांनी दोन्ही हात जोडलं. मग तिला थोपटाय म्हनून भलतंच बटन दाबलं, आन घोडीनं आशी लाथ मारली की स्वार पुन्ना नदीच्या काठाला. जावई हसला. इवाई म्हनलं, "राग हाय तिला. चार म्हैनं हुबी केली म्या, राग आसनारच."

आपरेशन झालं. नजर टिकली न्हाई. आता उजेड-अंधार तेवढा कळतोय. पर दुपारी ते मशीन हातात घेत्यात, मी शेजारी पाटाव बसती, पदर डोक्याव घिऊन, आन जे दिसंल ते सांगती. त्यास्नी हिंडाय घोडी लागती, मला सांगाय झाडं.

परवा दमट हवंनं त्यो कागद सुटून खाली पडला. पयल्यांदा मी त्यो नकाशा नीट बघितला. समदं हुतं त्यात, नदी, वाटा, वस्त्या, घोडीचं येवढंसं चित्र. नुसतं त्येच्याकडं बघून सांगितलं आसतं तरी चाललं आसतं. त्यास्नी कुठं कळनार हुतं!

तेवढ्यात ते म्हनलं, "का थांबला, ईनबाई? कागद हाय न्हवं जाग्याव?"

म्या पातेल्यातलं भाताचं शीत घेतलं, संकष्टी पुन्ना हुती तितं चिकटवली, अंगठ्यानं दाबली.

"हाय," म्हनलं. "आता उगवतीला वळा. म्होरं एक वढा हाय, आन पल्याड काय हाय ते मला बी ठाव न्हाई."