न वाळवलेला गोळा

प्रयोगशाळेत सगळे त्याला घासूकाका म्हणत, कारण बावीस वर्षं त्याने घासण्यावाचून दुसरं काही केलं नव्हतं. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात बसणारा सिरॅमिकचा गोळा पाण्यात बुडवून यंत्रावर लाखो वेळा घासायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा आणि किती झिजला ते वजनावरून सांगायचं. झीज कमी व्हावी म्हणून केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या नळ्या मिसळलेला करडा गोळा आला, त्याच आठवड्यात नेमका ओव्हन बंद पडला. वरून घाई, जणू गाडी सुटत होती. त्याने गोळा फडक्याने पुसला आणि तसाच काट्यावर ठेवला. झीज जवळजवळ शून्य! साहेबांनी पाठ थोपटली.

बारीक छिद्रांत मुरलेल्या पाण्याने झिजेचं वजन भरून काढलं असेल, हे त्याला दोन वर्षांनी सुचलं. थोरल्या ताईच्या खुब्यात तसलाच गोळा बसवला त्या दिवशी. ओव्हन केव्हाच दुरुस्त झाला होता आणि तेव्हा तपासलेला गोळा त्याच्याच कपाटात होता. वाळवून पुन्हा वजन करायचं, एवढंच काम. पण रोज तो कपाटाची किल्ली हातात घ्यायचा आणि परत खिशात टाकायचा.

रविवारी ताई जिना चढून आली. तिच्या प्रत्येक पावलाला तो श्वास रोखून कान देत होता. कुठे कुरकुर ऐकू येतेय का?

"भूत बघितल्यासारखा काय बघतोस रे?" ताई हसली. "दुसऱ्या पायाचीही तारीख घेतली. डॉक्टरांना बजावून सांगितलंय, माझ्या भावाने तपासलेलाच गोळा हवा."