ग्राफीनवर पडलेली अक्षत

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा. वीज वाहून नेतो आणि ऊनही आरपार जाऊ देतो, म्हणून माझ्या प्लास्टिकच्या सोलर सेलला उन्हाच्या बाजूने तोच हवा होता. तांब्याच्या पत्र्यावर तो वाढवायचा, तांबं विरघळवून टाकायचं आणि पाण्यावर तरंगणारा पापुद्रा अलगद काचेवर उचलून घ्यायचा. सांगायला काय जातंय! माझे सगळे उचलतानाच फाटले. शेवटी सर म्हणाले, "हा शेवटचा. हाही गेला तर बाजारातली वीज वाहणारी तयार काच घे आणि पीएच.डी. उरकून टाक. ग्राफीनचा नाद सोड."

आणि मला तर ग्राफीनचंच वेड लागलेलं.

तो शेवटचा पापुद्रा ताटलीत तरंगत होता. जळगावचा मे महिना, आणि पापुद्रा हलू नये म्हणून प्रयोगशाळेतला पंखा बंद. मी नुसती निथळत होते. तेवढ्यात दोंडाईचाहून मामा टपकले, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. पत्रिका हातात द्यायची, तीही अक्षतेसह, नाहीतर भाची रुसेल ना!

"हाई काय शे वं?" ताटलीत डोकावत त्यांनी विचारलं. "दिखत तं काहीच नही."

"मामा, सध्या हाच माझा देव," मी म्हटलं. मेलं माझं तोंड!

लग्नाची पहिली अक्षत देवाला. मामांनी टोपी नीट केली, डोळे मिटले आणि पिवळे तांदूळ थेट ताटलीत सोडले.

"माय वं!" मी किंचाळले. पापुद्र्याच्या चिंध्या होऊन पाण्यावर गरगर फिरायला लागल्या. रडावं की हसावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. मामा बिचारे पांढरेफटक पडले. "मन्हं चुकनं वं, पोरी."

कडेला नखाएवढा एक तुकडा शाबूत होता. आता गमावायला उरलंच काय होतं? काच तिरपी पाण्यात घातली, उचलली, आणि आला की वर! एक सुरकुती नाही. इतके दिवस मी हावरटासारखी अख्खा पापुद्रा उचलायला जात होते. ओल्या हातांनीच मी मामांच्या पाया पडले. ते "आरे, आरे" करत राहिले.

त्या तुकड्यावर सेल बनवला आणि सरांना गच्चीवर ओढत नेलं. सेल उन्हात धरला, मीटरच्या तारा जोडल्या. आकडा हलला! त्या विजेवर मनगटावरचं घड्याळही चाललं नसतं, पण वीज होती हो, माझ्या ग्राफीनमधून आलेली वीज! मी एकटीच गच्चीवर फुगडी घातल्यासारखी फिरले.

सरांनी तारा काढल्या, पुन्हा जोडल्या. आकडा तोच. कधी कुणाला बरं न म्हणणारा हा माणूस कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "प्रबंधाच्या नावातून ग्राफीन खोडलं होतं मी. परत लिही."