नाकाची साक्ष

आमच्या घरात त्या तत्त्वज्ञाचं नाव कधी कुणी घेतलं नाही. बायको त्याला ‘तुमचा इंग्रज’ म्हणायची. मी नाशिकच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो आणि दुसऱ्या दिवशीचं लेक्चर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोलून बघायची मला खोड होती. त्यामुळे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेला हा सडाफटिंग गृहस्थ तिला एखाद्या लांबच्या दिरासारखा माहीत झाला होता. त्याला दमा होता, तो शिकलेला डॉक्टर होता, राजाच्या भीतीनं त्याला काही वर्षं परदेशात लपून राहावं लागलं, त्यानं लग्न केलं नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. “लग्न केलं असतं तर एवढं लिहायला सुचलं असतं का?” हे तिचं त्याच्याविषयीचं पक्कं मत होतं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. माणूस जन्मतो तेव्हा त्याचं मन कोरं असतं. त्यावर जे उमटतं ते डोळे, कान, नाक, जीभ आणि कातडी यांच्या वाटेनं, आणि मग त्यावर मन विचार करत बसतं. राजाची सत्ता देवाकडून येत नाही, लोकांच्या संमतीनं येते. जमिनीत घाम गाळला की ती गाळणाऱ्याची होते. आणि कुठल्याही गोष्टीवर पुरावा असेल तेवढाच विश्वास ठेवावा, रेसभरही जास्त नाही. आज हे सगळं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की कुणीतरी ते जीव मुठीत धरून लिहिलं होतं, हे पोरांना पटवताना माझी दमछाक व्हायची. अर्धी पोरं हजेरीसाठी बसलेली, उरलेली पंखा चालू असतो म्हणून.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक मुलगी मात्र ऐकायची. शहरातल्या एका वसाहतीतल्या बौद्ध कुटुंबातली, वडील कारकून. तिनं विचारलं, “सर, पाटी कोरी असते म्हणता, मग आमचं आडनाव तिच्यावर आधीच कोण लिहून ठेवतं?” मी काहीतरी उत्तर दिलं, ते मला आता आठवत नाही, म्हणजे ते चांगलं नसणार. पुढच्या आठवड्यात ती मोबाइलवर वाचून आली होती. “सर, याचे पैसे गुलामांच्या व्यापारात होते.” मी म्हटलं, “होते.” “आणि स्वातंत्र्यावर लिहिलं ते?” “तेही त्यानंच.” तिनं मोबाइल दप्तरात टाकला. मग म्हणाली, “पाटी कोरी असते एवढं मी ठेवते सर. बाकीचं तुमच्याकडेच राहू द्या.” मी निवृत्त झालो आणि तो विषयच बंद झाला. आमच्या वर्गाच्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. त्या इंग्रजाच्या वारशाबद्दल मला कुणी विचारलं तर मला ती मुलगी आठवते, कॉलेज आठवत नाही.

पण सांगायचं होतं ते अननसाचं.

त्या इंग्रजानं एका ठिकाणी अननसाचा दाखला दिलाय. त्याच्या देशात तेव्हा अननस म्हणजे अपूर्वाई. तो म्हणतो, ज्यानं अननस कधी चाखला नाही त्याला त्याची चव शब्दांनी सांगून बघा. जगातले सगळे शब्द वापरा, नाही सांगता येणार. हे मी दारात उभा राहून रंगवून सांगत होतो आणि बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, “त्यात काय एवढं? आमच्या सायखेड्यात शेंबडं पोरगंही सांगेल. खाल्ल्याशिवाय कळत नाही म्हणून.” मी त्या दिवशी जरा हिरमुसलो. नंतर वर्गात तिचंच वाक्य वापरलं.

तिचं नाक हा माहेरी कौतुकाचा विषय होता. कांदा साठवायच्या चाळीत कुठला कोपरा सडायला लागलाय हे वरून काही दिसायच्या आत ती सांगायची, म्हणून तिचे वडील तिला लहानपणी मुद्दाम चाळीत हिंडवायचे. लग्नानंतर त्या नाकाची कामगिरी आमच्या घरी सुरू झाली. दूध फाटणार हे तिला आदल्या संध्याकाळी कळायचं. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा अडकली की ती पदर नाकाला लावायची आणि पदराआडून सांगायची, त्या गाडीवरच्या भज्यांचं तेल परवाचं आहे. मला डिझेलशिवाय काही येत नसे. मी नाकाचा तसा निरक्षरच.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही तापलो. मी धडधाकट उठलो. तिचा ताप गेला, खोकला गेला आणि वास गेला तो परत आला नाही. पहिल्यांदा कळलं ते दूध लागलं तेव्हा. ती पातेल्याच्या शेजारीच उभी राहून लसूण सोलत होती आणि मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो. तिनं गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिची थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं.

डॉक्टर म्हणाले, परत येईल, न येईल, सांगता येत नाही. नाकाला शिकवायला हवं. लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल आणि गुलाबपाणी चार डब्यांत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ हुंगा. माझ्या अंगात आल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्ञानेंद्रियांवर बोललो होतो, आता प्रयोग करायला मिळाला. मी तिचे डोळे रुमालानं बांधून डबे हातात द्यायचो आणि ती बरोबर सांगायची. लवंग. लिंबू. पुन्हा लवंग. मी खूश. नंतर कळलं की ती डब्याच्या वजनावरून आणि लवंगांच्या खुळखुळण्यावरून ओळखत होती. “तुमचं तोंड बघवत नव्हतं हो,” ती म्हणाली, “म्हणून.”

त्या उन्हाळ्यात ती उतरत गेली. जेवण भुशासारखं लागतं म्हणायची. मिठाच्या अंदाजासाठी मला हाक मारायची, आणि मी ‘ठीक आहे’ म्हणालो की तिचा विश्वास बसायचा नाही. दिवसातून दोनदा आंघोळ करायची आणि तरी विचारायची, “माझ्या अंगाला वास येतो का? खरं सांगा.” शेजारणी आल्या की लांब बसायची. ज्या बाईला आख्ख्या गल्लीत कुणाकडे काय शिजतंय ते घरबसल्या कळायचं, ती आता आपल्याच घरात पाहुण्यासारखी वावरत होती. मला तिची भीती वाटायला लागली होती. ती हळूहळू विझतेय आणि आपल्याला काही करता येत नाही, ही ती भीती.

आता स्वेटरचं सांगायला हवं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माझा हिरवा लोकरीचा स्वेटर तिच्या माहेरी, सायखेड्याला राहिला. त्या भागातली थंडी हाडात शिरते. पुढच्या खेपेला गेलो तर सासूबाईंनी तो नऊवारी लुगड्यावर चढवलेला, बाह्या दुमडलेल्या, आणि त्या गोठ्यात धार काढत बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, “जावईबापू, लय ऊब हाय याला. आता काय मी देत नाय.” मी बायकोला म्हटलं, आईंना सांग, इंग्रजाच्या नियमानं स्वेटर त्यांचाच. त्यात त्यांची मेहनत मिसळली. बायकोनं आईला सांगितलं, “इंग्रज म्हणतोय, राहू दे.” सासूबाईंना कोण इंग्रज ते काही कळलं नाही, पण निकाल पसंत पडला. मरेपर्यंत दर हिवाळ्यात त्यांच्या अंगात तोच होता.

त्या गेल्यावर बायकोनं माहेरून दुसरं काहीच आणलं नाही. तो स्वेटर न धुता एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, हवा दाबून काढली, गाठ मारली आणि कपाटात सगळ्यांत खाली ठेवला. वर्षातून एकदाच, सर्वपित्रीला, पान वाढून झालं आणि कावळा शिवला की ती ती गाठ सोडायची. तोंड खुपसून एक मोठा श्वास घ्यायची आणि पिशवी पुन्हा बांधायची. सारखं उघडलं तर वास उडून जाईल म्हणून वर्षाला एकदाच. “आई उभी राहते,” एवढंच एकदा म्हणाली होती. मी कधी त्या पिशवीत डोकावलो नाही. तो माझा प्रांत नव्हता.

आजारपणानंतरची सर्वपित्री आली. मी बाहेर पेपर वाचत होतो. पान वाढून झालं, कावळा शिवला, ती आत गेली. मग हाक आली, “अहो, जरा इकडे या.”

ती पलंगावर बसली होती. मांडीवर पिशवी उघडी.

“वास घ्या,” ती म्हणाली. “आहे का बघा.”

मी स्वेटर नाकाशी धरला. खरंच मन लावून वास घेतला, दोनदा, तीनदा. डोळे मिटून घेतला.

“काय येतंय?”

“प्लॅस्टिकचा येतोय. आणि जरा लोकरीचा.”

“आईच्या मिशरीचा?”

“मिशरीचा वास कसा असतो ते मला कुठं माहीत आहे?”

“अहो, तंबाखू तव्यावर जाळतात ना, तसा. कडवट. म्हणजे नुसता कडवट नाही, त्याच्या मागून जरा...” ती शब्द शोधत राहिली. हात हवेत फिरवला. “आणि चुलीचा धूर असतो, पण तो ओल्या लाकडाचा. आणि गोठ्याचा, पण...” मग ती थांबली आणि किंचित हसली. “अननस,” ती म्हणाली.

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, “हे बघ, मला येत नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही.”

“मला येत नाही, तुम्हाला येत नाही,” ती म्हणाली. “मग आहे तो कुणासाठी?”

हो म्हणायला माझं काय जात होतं? गल्लीतला कुठलाही नवरा म्हणाला असता, आहे गं, आईंचाच आहे, बांधून ठेव. मला ते सुचलंही नाही. नाकाला जे आलं ते मी सांगितलं, कोर्टात साक्षीदार सांगतो तसं. खोटी साक्ष मी दिली नाही आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. वाईट मात्र वाटतं, आणि ते कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर गेलो तर दोरीवर तो स्वेटर. तिनं तो रिठ्याच्या पाण्यात धुतला होता. बाह्यांतून पाणी गळत होतं. मी खाली आलो. तीच म्हणाली, “पाणी काळंभोर निघालं. कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं.” आणि डाळ निवडायला लागली. त्या संध्याकाळी तिनं डबे हुंगले नाहीत. मीही आठवण केली नाही.

थंडी पडली तेव्हा तिनं स्वेटर माझ्यापुढे ठेवला. “घाला. तुमचाच आहे.” मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, “पडून काय करायचाय? कसर लागेल.” मग मी घालायला लागलो. कोपरं विरली होती, पण ऊब होती. सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. सकाळी मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर चहा घेऊन बसलो होतो. ती फोडणी करत होती. तिचा हात एकदम थांबला.

“लसूण लागला,” ती म्हणाली.

मी कढईकडे बघितलं. तिची पाठ कढईकडे होती, ती डब्यातून तिखट काढत होती. तिला दिसलेलं नव्हतं.

तिनं गॅस बंद केला. फडताळातून चारही डबे काढले. लवंग हुंगली. लिंबू कापून हुंगलं. हिंगाची डबी उघडली आणि खोकली, आणि खोकता खोकता रडायला लागली. मीही उठलो, मला काय करावं कळेना, मी उगाच पाण्याचा पेला भरला. किती तरी महिन्यांनी तिचा चेहरा तिच्या मूळच्या चेहऱ्यासारखा दिसत होता. एवढा आनंद मला त्या घरात फार थोड्या वेळा झालाय.

मग तिची नजर माझ्यावर पडली. माझ्या चेहऱ्यावर नाही, त्याच्या खाली.

ती जवळ आली. माझी बाही दोन्ही हातांत धरली आणि तिच्यात तोंड खुपसलं. मी पेला धरून तसाच उभा राहिलो. तिनं दुसरी बाही घेतली. मग खांदा. मग पंजांवर उभी राहून गळ्यापाशी मागच्या बाजूला, जिथे लोकर सगळ्यांत जाड आहे तिथे, नाक लावून तिनं इतका मोठा श्वास घेतला की मला तो मानेवर जाणवला.

“काय येतंय?” मी विचारलं.

“रिठा,” ती म्हणाली. “आणि तुमचा.”