धक्का न देणारं जहाज

माझ्या धाकट्या भावाच्या मते विमान ही माणसाने घाईघाईत केलेली चूक होती. खरी गोष्ट वायुजहाज. पोटात हलका गॅस भरलेलं, लांबोळकं, अजस्र, ढगांखालून संथ तरंगत जाणारं. असली जहाजं जगातून जवळजवळ नाहीशी झाली, त्यालाही आता कितीतरी वर्षं लोटली. पण सानगडीजवळच्या आमच्या गावात, मातीच्या ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेला हा पोरगा त्यांचं सुतक पाळत होता.

त्याला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. थंडी लागली, पाण्यात भिजलं, अंगाला जास्त ताण पडला, की हाडं आतून ठणकायला लागतात आणि माणूस गुरासारखा ओरडतो. आम्ही ढिवर, तलावात मासे मारणारे. ढिवराच्या घरात जन्माला येऊन पाण्यात उतरायची बंदी, याहून मोठी थट्टा देवालाही सुचली नसती. म्हणून तो घरी बसून जाळी विणायचा. हात असा सफाईचा, की लोक दुसऱ्या गावाहून येऊन त्याच्याकडून जाळं विणून नेत.

दुखणं उठलं की मी त्याला एसटीने भंडाऱ्याला दवाखान्यात नेत असे. त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला तोंडपाठ आहे. बस आदळली की त्याच्या तोंडून आवाज यायचा आणि सगळे प्रवासी वळून बघायचे. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघायची. दुसरं काय करणार? एकदा अशाच प्रवासात, ओठ दाताखाली धरून, तो मला, थोरल्या बहिणीला, म्हणाला, "बाई, त्या जहाजात टेबलावर पेन उभा ठेवला तरी पडे नाही म्हणतात. जहाज निघालं हेच लोकायले समजे नाही."

तेव्हा मला कळलं, याला त्यांचं वेड का लागलं ते.

मग मीही ऐकत गेले. एकेक जहाज आमच्या तलावाच्या पाळीएवढं, म्हणजे बांधाएवढं, लांब. आत जेवणाचा दिवाणखाना, झोपायच्या खोल्या, इतकंच काय, विड्या-सिगारेटी ओढायची वेगळी बंद खोली. वर पेट घेणाऱ्या गॅसचं कोठार आणि खाली शौकीन लोक झुरके घेत बसलेले! न पेटणारा गॅस होता, पण तो अमेरिकेकडे, आणि तिने तो ही जहाजं बांधणाऱ्या जर्मनांना दिला नाही. शेवटी सगळ्यांत मोठं जहाज अमेरिकेत उतरता उतरता पेटलं आणि बघता बघता त्याचा सांगाडा उरला. ती चित्रफीत भावाने किती वेळा पाहिली असेल कोण जाणे. दर वेळी शेवटी म्हणायचा, "वाचलं असतं ना."

आधीच्या जहाजांत गॅसच्या पिशव्या गाईच्या आतड्याच्या पडद्यांनी बनवत, हेही त्यानेच सांगितलं. ही गोष्ट मात्र आम्ही दोघांनी मायपासून लपवली. मायला कळलं असतं तर तिने मोबाइल तलावात टाकला असता.

आणि जहाजं परत येणार होती. दर काही दिवसांनी कुठल्यातरी देशातून बातमी यायची: नवीन जहाज बांधतोय, रस्ता नाही तिथे औषधं नेऊ, रोगी आणू. भाऊ त्या बातम्या मला वाचून दाखवायचा. पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी. आमच्या रस्त्याचं डांबरीकरणही असंच येऊन राहिलं होतं. मला चीड यायची, त्याला कधी आली नाही.

एक दिवस त्याला सापडलं, की जहाजाच्या पोटातल्या त्या पिशव्या जाग्यावर धरून ठेवायला जाळी असत. विणलेली जाळी! दोन दिवस त्याच्या पायांत दुखणं होतं, तरी हसत होता. "आपलं काम आहे हे, बाई. ढिवराचं काम."

मग त्याने ठरवलं, दिवाळीनंतरच्या मंडईत आपलं जहाज उडवायचं. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा, आज या गावात, उद्या त्या गावात. फुगेवाला गॅसचं सिलिंडर घेऊन यायचा, त्याच्याशी बोलणं झालं. पातळ प्लास्टिकची माणसाहून लांब पिशवी मी इस्त्रीने सांधून दिली. खाली बांबूच्या कामट्यांचा हलका सांगाडा. आणि या दोन्हींना धरून ठेवणारं जाळं, नेहमीच्या जाड नायलॉनचं नाही, वजन नको म्हणून बारीक सुती दोऱ्याचं. डॉक्टरांनी त्याला काय सांगितलं होतं ते त्याला ठाऊक होतं, मलाही. पुढची मंडई तो बघेल याची खात्री आम्हा दोघांनाही नव्हती.

मंडईच्या दिवशी आम्ही पुढे गेलो. जाळं मायकडे होतं. तिनेच मागून घेतलं होतं, ओच्यात घालून आणते म्हणाली. मैदान तलावाला लागूनच. फुगेवाल्याने पिशवी भरली, ती फुगून वर ओढ घेऊ लागली, आम्ही दोघा-चौघांनी धरून ठेवली. तेवढ्यात माय आली. हातात जाळं, त्याला हळद-कुंकू लावलेलं, आणि त्यातून पाणी गळत होतं.

आमच्या घरची रीतच ती. नवं जाळं कोरडं वापरायचं नाही. आधी तलावात बुडवायचं, हळद-कुंकू लावायचं, तलावाला हात जोडायचे, मगच कामाला. मायने आयुष्यभर प्रत्येक जाळ्याचं केलं होतं, मुलाच्या या जाळ्याचं कसं विसरेल? चेहरा असा आनंदलेला, की बघवत नव्हतं.

भावाने जाळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आण, माय." आणि ते ओलंचिंब जाळं त्याने पिशवीवर चढवलं.

जहाजाने नाक जरासं उचललं, थोडं थरथरलं आणि खाली बसलं. पुन्हा उचललं, पुन्हा बसलं. लोक हसले, वाईट मनाने नाही. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "जाळं काढ ना. सांगाडा दोऱ्यानं बांधू, बिना जाळ्याचं उडन."

तो म्हणाला, "माय पाहून राहिली."

वाळवायला वेळ नव्हता. प्लास्टिकमधून गॅस झिरपत होता, फुगेवाल्याला दुसऱ्या गावची मंडई गाठायची होती. भाऊ मायकडे वळून मोठ्याने म्हणाला, "गॅसच खराब आहे याचा." मग मायने फुगेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो बिचारा बघतच राहिला. भावाने डोळ्यांनीच त्याला विनवलं असावं, कारण तो उलटून बोलला नाही.

थंडी सरायच्या आत भाऊ गेला. भंडाऱ्याच्या वाटेवरच, एसटीत, माझ्या मांडीवर. मी ड्रायव्हरला हळू चालवा म्हणून ओरडत होते आणि लवकर चालवा म्हणूनही ओरडत होते.

तेरवी झाल्यावर माय आणि मी ओट्यावर बसलो होतो. गावातली एक बाई येऊन गेली, मंडईचा विषय निघाला, आणि मायने पुन्हा फुगेवाल्याला शिव्या घातल्या. बाई गेल्यावर मी म्हटलं, "जाऊ दे ना माय, त्याचा काय दोष."

"त्याचा नाही," माय म्हणाली. "जाळं अंगावर चढताच जहाज बसलं. जनमभर ओली जाळी उचलली मी, मले समजे नाही का?"

 मी विचारलं, "मंग काहून शिव्या देत होतीस इतके दिवस?"

"तो म्हणे गॅस खराब. मले समजलं हे त्याले समजलं असतं, तर त्याच्या जिवाले लागलं असतं." तिने पदराने तोंड पुसलं. "आता कोणासाठी देऊन राहिली, ते मलेच समजत नाही."