मारुतीचा उरलेला डोळा

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आसपासच्या मारुतींना मी वीस वर्षं रंग दिला. एरवी दुकानांच्या पाट्या, पोळ्याला बैलांची शिंगं. हाताला सफाई अशी की मी पाटीवर काढलेल्या केळ्यांना शेळ्यांनी तोंड लावल्याचं लोक सांगतात. लोक म्हणजे बहुतेक मीच.

सगळ्यांत जाडा मारुती फाट्यापासून दोन कोस आत, एका लहान गावात होता. दर शनिवारी तेल, दर सणाला शेंदूर, आणि खालचा थर कुणी काढायचा नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा देव माझ्या कमरेला लागत होता. माझी धाकटी लेक शाळेत जाईस्तोवर तो छातीपर्यंत आला, आणि पुजाऱ्याला आडव्या अंगानं प्रदक्षिणा घालावी लागू लागली. नाक, कान, तोंड, सगळं शेंदराच्या पोटात. नुसता केशरी रांजण. समोरची बाजू कोणती, हे देवळाच्या दारावरून ठरवायचं. दर चैत्रात मी दाराच्या अंगाला मेणानं चांदीचे दोन डोळे बसवायचो आणि गाव हात जोडायचं.

फक्त एक मेंढपाळ म्हातारा डाव्या बाजूला, भिंतीला खेटून नमस्कार करायचा. देवाचं तोंड मेंढवाड्याकडं आहे, असं त्याला बापानं सांगितलं होतं. गाव हसायचं. देव काय तुझी मेंढरं राखून राहिला का, म्हणायचं.

पुढं हिंगोलीत फ्लेक्सची मशीन आली आणि माझ्या पाट्या गेल्या. हातात उरले ते देव. म्हटलं, आता काम असं करावं की मशीनच्या बापाला जमू नये. या मारुतीला मी शेंदराचं नाक करायचो ते दर उन्हाळ्यात गळून पडायचं. या खेपेला पक्कं बसावं म्हणून, पुजारी पाणी आणायला गेलेला पाहून, मी लांबी भरायची लोखंडी पट्टी काढली आणि जरासं खरवडलं.

कडकन आवाज झाला. पार लांबच्या कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर ताटं हलली म्हणे. दाराएवढं शेंदराचं कवच माझ्या मिठीत आलं आणि ते धरून मी खाली बसलो.

गाव जमलं. देवाला याचा धक्का लागला असं एकानं जरी म्हटलं असतं, तर तालुक्यात कुठल्या देवळाची पायरी मला चढू दिली नसती. मी सांगितलं की देवानं आपसूक कवच टाकलं, मी नुसता मधी सापडलो. पुजाऱ्यानं पाण्याची घागर खाली ठेवली. एका बाईनं विचारलं, आता गावावर काय येणार?

तेवढ्यात म्हातारा गर्दीतून आत आला आणि डाव्या बाजूला जाऊन बसला. कवचाखाली काळ्या दगडावर कोरलेला हातभर मारुती होता. चेहरा एका बाजूला वळलेला, नाक शाबूत, डोळा एकच दिसणारा, आणि नजर सरळ मेंढवाड्याकडं. इतकी वर्षं मी दोन्ही डोळे त्याच्या उगारलेल्या तळहातावर लावत आलो होतो.

म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले. मग त्या बाईला म्हणाला, "वाईट काहून होईल, माय? एवढ्या सालाचं ओझं टाकलं त्यानं. डोईवरचं पोतं उतरलं तर तू रडतीस का?"

कुणीतरी हसलं. पुजाऱ्यानं घंटा वाजवली. म्हातारा माझ्या कानाशी वाकला.

"पट्टी खिशात घाल आधी, लेका. शेंदूर दिसून राहिला."

कवच नदीत सोडायला सात गाड्या लागल्या. बरं, दोन. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंतीला, जन्माच्या वेळेला मी एकच डोळा बसवला. मेण म्हाताऱ्यानं मळून दिलं. पुढच्या चैत्रापर्यंत चार गावांची बोलावणी आली. आमच्याबी देवाचं तोंड बघायचंय, म्हणाले. मी त्यांना सांगितलं की देवाची मर्जी असली तर होईल, आणि पट्टी बराबर घेऊन गेलो.

दुसरा डोळा अजून माझ्या ब्रशांच्या डब्यात आहे. त्या गावात आता सगळे डावीकडूनच नमस्कार करतात. म्हाताऱ्याला भिंतीपाशी जागाच मिळेना, तेव्हा त्यानं मला शिव्या घातल्या. मी दरसाली शेंदूर पातळच लावतो, आणि लावण्याआधी बोटानं नाक चाचपून घेतो.